कागद चोख होते

ऑरिन टॅकेट हा कागदाला जपणारा माणूस. तीस वर्षं लाकडाच्या गिरणीत करवतींना धार लावण्यात गेली, त्यातच दोन्ही कान गेले. ठार बहिरा नव्हता, पण कानात दिवसभर एक बारीक शिट्टी वाजत राहायची आणि माणसं त्या शिट्टीच्या पलीकडून बोलायची. निवृत्त झाला त्याच वर्षी रानडुकरांनी त्याच्या कुरणाची पार नांगरट केली. डुकरांवर बंदूक चालवावी तर प्रत्येक बारानंतर कानातली शिट्टी दोन दिवस वाढलेली. शेवटी डॉक्टरच म्हणाला, "राहिलेले कान ठेवायचे असतील तर बंदुकीला सायलेन्सर लाव."

ओक्लाहोमात सायलेन्सर बाळगायला बंदी नाही, पण तो काही काकडी-टोमॅटोसारखा पिशवीत टाकून आणता येत नाही. बोटांचे ठसे द्या, फोटो द्या, दोनशे डॉलर कर भरा, आणि मग सरकारचा शिक्का येईपर्यंत बसा वाट बघत. ऑरिन नऊ महिने बसला. शिक्का आला त्या दिवशी त्यानं त्या कागदाच्या चार प्रती काढल्या. एक तिजोरीत, एक बंदुकीच्या पेटीत, एक घडी घालून पाकिटात, आणि एक गाडीत, ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या उन्हाच्या झडपेत.

"आपल्या लग्नाचा दाखला कुठंय, सांग बरं?" त्याची बायको लीटा विचारायची.

"असेल की कुठेतरी."

"असेल की कुठेतरी!" ती शेजारणीला डोळा मारून म्हणायची. "आणि त्या नळकांड्याचे चार-चार दाखले."

ऑरिनला त्याचं काही वाटत नसे. एकदा शिकार खात्याच्या माणसानं त्याला कुरणाच्या फाटकाशी अडवलं होतं. ऑरिननं हात वर ठेवून आधी सांगितलं, मग विचारून कागद काढला. तो माणूस वाचून म्हणाला, "सगळे तुमच्यासारखे वागले तर आमचं काम निम्मं होईल." हे वाक्य ऑरिननं गावात निदान पन्नास जणांना ऐकवलं असेल. पोलीस अडवतात तेव्हा काय करायचं, याचा पाठच तो जेवणाच्या टेबलावर देत असे. हात स्टिअरिंगवर. लपवालपवी नाही. त्यांनी विचारायच्या आत आपण सांगायचं. कागद कुठे आहे ते सांगायचं, आणि परवानगी घेतल्याशिवाय हात हलवायचा नाही.

हा पाठ सगळ्यात जास्त वेळा ऐकला होता लायल प्रुइटनं, लीटाच्या धाकट्या भावानं. लायल एकेचाळीस वर्षांचा. सव्विसाव्या वर्षी त्यानं बांधकामांवरच्या तांब्याच्या तारा चोरून विकल्या, त्या पैशांची नशा केली, आणि तीन वर्षं तुरुंगात काढली. बाहेर आल्यावर मात्र सुधारला. टायरच्या दुकानात लागला, दारूलाही शिवेना. आईला, म्हाताऱ्या ओमाला, त्यानंच सांभाळलं. तिच्या मूत्रपिंडांनी काम सोडलं होतं. आठवड्यातून तीन दिवस पासष्ट मैलांवर डायलिसिसला न्यावं लागे. लायलनं त्यासाठी दुकानात पगार कापून घेतला, पण तिची एक खेप चुकवली नाही.

एकदा तुरुंगात गेलेल्याला तिकडे जन्मभर हत्याराची बंदी असते. आणि कायद्याच्या लेखी सायलेन्सर म्हणजे नुसती नळी नाही, तेही हत्यारच. त्यातून तो ज्याच्या नावावर आहे त्याच्या ताब्याबाहेर जाता कामा नये. हे लायलला माहीत होतं, ऑरिनला तर तोंडपाठ होतं.

फेब्रुवारीतल्या एका बुधवारी सकाळी लायलच्या गाडीचा गिअरबॉक्स बसला. कामावर निघालेल्या शेजाऱ्यानं त्याला आणि ओमाला ऑरिनच्या दारात सोडलं. लीटा तिची गाडी घेऊन शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला गेलेली.

"ऑरिन, तुझा ट्रक दे. आधीच उशीर झालाय."

"मी येतो ना बरोबर."

"तू नको," ओमा व्हीलचेअरमधूनच म्हणाली. "तुझ्याशी ओरडून बोलता बोलता मीच मरायची."

ऑरिननं हसत किल्ली फेकली. लायलनं आईला पुढच्या सीटवर बसवलं, खुर्ची घडी करून मागे टाकली, आणि ट्रक वळणापलीकडे गेला.

ऑरिन आत आला. सावकाश कॉफी पिऊन कप विसळताना त्याची नजर भिंतीवरच्या बंदुकीकडे गेली. नळीचं तोंड उघडं होतं. आदल्या संध्याकाळी कुरणातून येताना सायलेन्सर तापलेला होता म्हणून त्यानं तो काढून, कापडी पिशवीत घालून मागच्या सीटखाली सरकवला होता. निवला की काढू, म्हणून. काढला नव्हता.

त्यानं ओल्या हातानंच फोन लावला.

"लायल, मागच्या सीटखाली माझा सायलेन्सर राहिलाय."

पलीकडून इंजिनाचा आवाज येत होता. मग लायल म्हणाला, "वा. छान."

"त्याला हात लावू नकोस."

"मी गाडी चालवतोय, ऑरिन. हात कशाला लावू?"

"आणि पोलिसांनी थांबवलंच तर—"

"हात स्टिअरिंगवर, आधी सांगायचं, कागद झडपेत आहेत. पाठ आहे मला, मास्तर."

"मस्करी नाही. लपवू नकोस. लपवलंस तर तोंडघशी पडशील. खरं सांग, कागद दाखव, माझं नाव सांग."

त्याच्या बाजूनं ओमाचा आवाज आला, "कोणाशी बोलतोयस? रस्त्याकडे बघ!"

'परत फिर' हे दोन शब्द ऑरिनच्या जिभेवर आले होते. पण मागच्या महिन्यात बर्फामुळे केंद्रच बंद राहून म्हातारीची एकच खेप चुकली तर पायांना सूज येऊन दोन दिवस इस्पितळात ठेवावं लागलं होतं. ते वीस मैल तरी पुढे गेले असतील. परत यायचं, पुन्हा जायचं, केंद्रातली खुर्ची दुसऱ्याला गेलेली असायची. आणि एवढं काय होणार होतं? कागद तर गाडीतच होते.

"जप," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

अठ्ठावीस मिनिटांनी फोन वाजला. काउंटीच्या पोलिसाचा होता. रस्क असं नाव सांगितलं त्यानं.

ऑरिन आपल्या शेजाऱ्याची गाडी मागून निघाला तेव्हा घाबरलेला नव्हता. थोडा वैतागला होता, पण आतून त्याला जरा हुरूपच आला होता, असं त्यानं पुढे स्वतःशी कबूल केलं. पाकिटातली प्रत शर्टाच्या वरच्या खिशात घेतली. जाऊ, कागद दाखवू, तो पोरगा वाचेल, मान हलवेल, आणि आपण म्हातारीला पुढे नेऊ.

ट्रक पाइनच्या झाडांखाली, रस्त्याकडेच्या खडीवर उभा होता. मागे पोलिसांच्या दोन गाड्या. लायल त्यातल्या एकीत मागे बसलेला, हात पाठीमागे बांधलेले. त्यानं काचेतून ऑरिनकडे बघितलं आणि खांदे किंचित उडवले. ओमा ट्रकमध्येच होती. तिनं काच खाली केली होती आणि थंडीत पोलिसाला झापत होती.

"तुझी आई मर्ना रस्क ना? चर्चच्या रविवारच्या शाळेत माझ्या वर्गात होती. खडू चोरायची."

"हो मॅडम, सांगते ती कधी कधी," रस्क म्हणाला. पंचविशीतला पोरगा, थंडीनं कान लाल झालेले. तो ऑरिनकडे वळला. "मिस्टर टॅकेट, पंचावन्नची मर्यादा असलेल्या रस्त्यावर हे एकाहत्तरनं चालले होते. म्हणून थांबवलं. दंडाची चिठ्ठी देऊन सोडणारच होतो."

"आईची वेळ चुकत होती. कळलं. दंड भरतो आम्ही." ऑरिननं खिशाकडे बोट दाखवलं. "कागद काढू?"

"तुमचे कागद बघितलेत मी. झडपेतले. एकदम चोख आहेत."

"मग झालं तर."

रस्कनं नकारार्थी मान हलवली. "चोख आहेत, पण तुमच्यासाठी. वस्तू तुमच्या नावावर आहे आणि तुम्ही गाडीत नव्हतात. चालवणारा माणूस शिक्षा भोगलेला."

"पण त्याची नाहीच ती. मी विसरलो. त्याला तर माहीतही—" इथे ऑरिन अडखळला, कारण खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. "म्हणजे, निघाला तेव्हा त्याला माहीत नव्हतं."

"मग कधी कळलं?"

"मीच फोन केला ना! सगळं नीट सांगितलं. सीटखाली आहे, हात लावू नकोस, पोलीस आले तर आधी सांग, कागद दाखव. लपवलं का त्यानं? सांग, लपवलं?"

"नाही सर. मी खिडकीशी पोचायच्या आत त्यांनी सगळं सांगितलं." रस्कनं छातीवरच्या कॅमेऱ्याकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. ऑरिनला ऐकायला पुढे झुकावं लागलं. "सर, माझं ऐका. आता जास्त बोलू नका. त्यांच्यासाठी म्हणून सांगतोय."

"खरं बोलायला काय भीती?"

रस्कनं पुन्हा कॅमेऱ्याकडे नजर टाकली. ऑरिन त्याच्या तोंडाकडे बघत राहिला, आणि हळूहळू, थंड पाणी चपलेत शिरावं तसं त्याच्या ध्यानात आलं की आपण बोललेलं प्रत्येक वाक्य लायलच्या बोलण्यावर शिक्कामोर्तब करून बसलंय. त्याला माहीत होतं. तो जाणूनबुजून घेऊन चालला होता. आपणच सांगितलं होतं.

ट्रक त्यांनी तपासासाठी दोन दिवस ठेवून घेतला. ऑरिन ओमाला शेजाऱ्याच्या गाडीतून केंद्रावर घेऊन गेला तोवर तिची खुर्ची दुसऱ्याला दिलेली. उद्या सकाळी या, म्हणाले. वाटेत म्हातारी एकच वाक्य बोलली.

"त्यानं तुझ्यासारखंच केलं सगळं. हातसुद्धा तसेच ठेवले होते."

लीटा घरी आली तेव्हा ऑरिन स्वयंपाकघरात बसून होता. त्यानं सगळं सांगितलं. ती कोट अंगातच ठेवून उभी राहिली.

"त्याला परत फिर का नाही म्हणालास?"

"आईची वेळ—"

"बरं. मग फोन तरी कशाला केलास?"

ऑरिनला पहिल्यांदा वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही.

"माहीतच नसतं त्याला," लीटा म्हणाली, "तर चिठ्ठी घेतली असती, आईला घेऊन गेला असता, दुपारी घरी आला असता. सापडलंच असतं तरी म्हणता आलं असतं, मला काय ठाऊक सीटखाली काय ते. तू कशाला सांगितलंस त्याला?"

"सावध करायला."

"तुला गप्प बसवत नाही ना. तुला सगळं नियमानं करायचं असतं." ती रडत नव्हती. तिनं कोट काढला, खुंटीला लावला, पुन्हा घातला आणि आईकडे निघून गेली. त्या दिवसापासून ती आईकडेच राहायला लागली. कारण सांगितलं ते आईला एकटीला ठेवता येत नाही हे, आणि ते खरंही होतं.

प्रकरण काउंटीकडून वर केंद्र सरकारच्या वकिलाकडे गेलं. लायलला कोर्टानं वकील दिली, मिस ओर्टेगा म्हणून. ऑरिन तिच्या ऑफिसात टोपी मांडीवर घेऊन बसला.

"सरकारला एकच गोष्ट सिद्ध करायचीय," ती म्हणाली. "ती वस्तू गाडीत आहे हे त्याला माहीत होतं, एवढंच. माहीत नसतं तर मी त्याला हात धरून बाहेर काढला असता."

"मी सांगतो, मी फोनच केला नव्हता."

"फोन कंपनीकडे नोंद आहे. कॅमेऱ्यावर लायल बोललाय, तुम्ही बोललात. आता खोटं बोललात तर माझ्यासमोर एकाऐवजी दोन आरोपी बसतील." तिनं पेन खाली ठेवलं. "आणि मिस्टर टॅकेट, तुम्ही स्वतःसाठी वकील बघा. वस्तू त्याच्या हाती तुमच्यामुळे गेली. तुमच्यावरही लावू शकतात."

"लावू देत. माझ्यावरच लावा म्हणावं. त्याला सोडा, मी जातो आत."

"असा सौदा नसतो हो इथे," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज मऊ झाला.

त्याच्यावर काही लागलं नाही. सरकारी वकिलाचं पत्र आलं: कागदपत्रं नियमानुसार, पूर्वी कोणताही गुन्हा नाही, आणि तपासात पूर्ण सहकार्य. त्या 'सहकार्य' शब्दावर ऑरिनचं बोट बराच वेळ राहिलं. जाऊन कुणाला तरी विचारावं असं त्याला वाटलं, की मी कधी केलं सहकार्य? पण तो रस्त्याच्या कडेला उभा राहून काय काय बोलला होता ते त्यालाच पाठ होतं.

लायलनं गुन्हा कबूल केला. न्यायाधीश वयस्क बाई होत्या. त्या म्हणाल्या, या प्रकरणात कुणाचा वाईट हेतू मला दिसत नाही, आणि बावीस महिन्यांची शिक्षा दिली. याहून कमी देणं आपल्या हातात नाही, असं काहीसं त्या पुढे म्हणाल्या, पण ते त्या शिट्टीत गेलं. ऑरिननं लीटाला विचारलं, काय म्हणाल्या? लीटानं मान हलवली, काही नाही अशी.

डायलिसिसच्या खेपा ऑरिनच्या वाट्याला आल्या. कुणी सांगितलं नाही. सोमवारी सकाळी साडेसातला तो ओमाच्या दारात जाऊन उभा राहिला, लीटानं दार उघडलं आणि खुर्ची बाहेर ढकलली. सोमवार, बुधवार, शुक्रवार. चार तास तो बाहेरच्या खोलीत बसायचा, बाकीच्या नातेवाइकांबरोबर जुनी मासिकं चाळायचा. ओमा त्याच्याशी धड भांडायचीही नाही. खिडकीबाहेर बघत बसायची. एकदाच, मधल्या उन्हाळ्यात, ट्रक त्या पाइनच्या झाडांपाशी आल्यावर म्हणाली, "तू वाईट माणूस नाहीस, ऑरिन. तुझा राग करायला मला तेवढंही सोपं ठेवलं नाहीस."

सायलेन्सर परत न्या, असंही एक पत्र आलं. खटला संपला होता, वस्तू कायदेशीर मालकाची होती. ऑरिन शहरातल्या त्या ऑफिसात गेला आणि म्हणाला, मला नकोय, मोडून टाका. तेवढ्यासाठीही एक अर्ज होता. त्यानं तिथेच उभ्यानं भरला. खिडकीमागची मुलगी म्हणाली, प्रत हवी का तुम्हाला? तो नको म्हणाला.

लायलच्या शिक्षेच्या तेराव्या महिन्यात ओमा गेली. खुर्चीतच, यंत्र चालू असताना. नर्सला वाटलं झोप लागली. ऑरिन बाहेर मासिक धरून बसला होता. लायलला अंत्यविधीला यायची परवानगी मागितली होती, ती आली नाही. लीटानं आईच्या घराला कुलूप लावलं, पण परत आली नाही. गावातच दोन खोल्या घेतल्या. रविवारी ती ऑरिनसाठी मक्याचा पाव आणि घेवड्याचं कालवण घेऊन यायची, टेबलावर ठेवायची, समोर बसून तो जेवेपर्यंत थांबायची. दोघं हवेबद्दल बोलायची. पाठ द्यायला त्याच्यापाशी आता काही नव्हतं, आणि डोळा मारायला तिच्यापाशी कोणी नव्हतं.

चांगल्या वागणुकीचे काही महिने वजा होऊन लायल सुटला तेव्हा त्याला आणायला ऑरिनच गेला. टेक्सासातला तुरुंग, पाच तासांची वाट. लीटा येते म्हणाली होती, मग सकाळी म्हणाली, तू जा.

लायल बारीक झाला होता. केस कापलेले, दाढी पांढरी. त्यानं ट्रकचं दार उघडलं, आत बघितलं आणि म्हणाला, "काय काय आहे सीटखाली?"

ऑरिनचं तोंड उतरलं.

"अरे, मस्करी केली, म्हाताऱ्या," लायल म्हणाला आणि आत बसला.

तासाभरानं ते हमरस्त्यावरच्या एका खानावळीत थांबले. लायलनं अंडी, सॉसेज, तिकडे बिस्किटं म्हणतात ते मऊ पाव, त्यावर पांढरी ग्रेव्ही असं सगळं मागवलं आणि मान खाली घालून खात सुटला. ऑरिनच्या अंड्यांना हात लागला नव्हता.

"लायल. तो फोन मी केला नसता तर—"

"माहितीय."

"रोज म्हणतो मी स्वतःला. एकतर परत फिर म्हणायला हवं होतं, नाहीतर गप्प बसायला हवं होतं."

लायलनं ग्रेव्ही पुसून घेतली. "मला आधीच माहीत होतं."

"काय?"

"सायलेन्सर. तुझा फोन यायच्या आधीच. आईची खुर्ची मागे टाकताना पिशवी हाताला लागली. दाबून बघितली. कळलं काय आहे ते."

ऑरिननं कानामागे हात नेला, जणू ऐकण्यात चूक झाली असावी. "मग तिथेच का नाही सांगितलंस? मी उभाच होतो की ओसरीवर!"

"सांगितलं असतं तर तू आधी काढून घेतला असतास, मग त्याची पेटी शोधली असतीस, मग कागद बघितले असतेस. वीस मिनिटं गेली असती. आई आधीच कोकलत होती. म्हटलं, जाऊन येऊ. काय होतंय."

"हे वकिलीणबाईला सांगितलंस?"

"कशाला? अजून सहा महिने वाढवून घ्यायला?"

ऑरिन त्याच्याकडे बघत राहिला. लायल लहानपणापासून सफाईनं खोटं बोलायचा, लीटा सांगायची. आणि तुरुंगातून सुटून आलेला माणूस पहिल्याच जेवणाला दुसऱ्याचं ओझं उचलतो की काय, असंही त्याच्या मनात आलं.

"हे खरं आहे, की मला बरं वाटावं म्हणून सांगतोयस?"

"तुझी अंडी गार झाली," लायल म्हणाला. "खाणार नसशील तर इकडे दे."

ऑरिननं ताट सरकवलं. लायलनं तेही संपवलं. मग कॉफीचा कप दोन्ही हातांत धरून तो खिडकीबाहेर, उभ्या असलेल्या ट्रककडे बघत बसला.

"शेवटपर्यंत तूच न्यायचास ना तिला?"

"हो. सोमवार, बुधवार, शुक्रवार."

"रेडिओ लावू द्यायची?"

"नाही. एकदाही नाही."

"मलाही नाही द्यायची," लायल म्हणाला. "दहा वर्षांत एकदाही नाही."